‘मोकळी जमीन’ म्हणजे काय? गिरणगावच्या सहाशे एकरांचे प्रकरण

मुंबईच्या ५८ कापड गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, लोअर परळ, वरळी असा तो पट्टा, आणि थोड्या गिरण्या कुर्ल्याच्या बाजूला. या जमिनीवर म्हाडाने बांधलेली घरे २०१२, २०१६ आणि २०२० अशा तीन सोडतींत गिरणी कामगारांना दिली गेली. त्यांची बेरीज १३,४५३ होते. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस मात्र पावणेदोन लाखांच्या घरात आहेत.

एवढी मोठी तफावत का पडली, असे विचारले की निधी, दिरंगाई, भ्रष्टाचार ही नेहमीची उत्तरे मिळतात. त्यांतले काही खरेही असेल. पण मूळ दुखणे त्याआधीचे आहे. घर बांधायला जमीन लागते, आणि ती जमीन सार्वजनिक हातात कधी, किती आणि कुठल्या आकाराची यायची हे नियमातल्या दोन-चार शब्दांनी ठरवले. ते शब्द १९९१ मध्ये एक होते आणि २००१ मध्ये दुसरे झाले. पुढचे सगळे त्यातून घडले.

शहराच्या हातातला हुकमाचा पत्ता

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांत होते. संप रीतसर मिटलाच नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात आलेल्या गिरण्या आधीपासून होत्याच, त्यामुळे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, शहरातल्या एकूण २५ गिरण्या जमा झाल्या. बाकीच्या बहुतेक खाजगी मालकांच्या. साचे, म्हणजे कापडाचे माग, हळूहळू थांबत गेले. जमिनीची किंमत वाढतच होती.

ही जमीन औद्योगिक विभागात होती, हा इथला कळीचा मुद्दा आहे. त्या विभागात गिरणी चालवता येते. निवासी टॉवर, कार्यालये किंवा मॉल उभारायचा तर वापर बदलावा लागतो आणि ती परवानगी सरकार देते. परवानगी मिळाली की तीच जमीन एका दिवसात कित्येक पट महाग होते. ही वाढ मालकाच्या कष्टाची नाही, कापडाची तर नाहीच. ती शहराने दिलेल्या परवानगीची आहे, आणि म्हणून त्या बदल्यात शहराने जमिनीचा वाटा मागणे रास्त होते. काही गिरण्यांची जमीन तर मुळात नाममात्र भाड्याच्या पट्ट्यावर दिलेली होती.

भूसंपादन करायचे तर मोबदला द्यावा लागतो, आणि परळमध्ये बाजारभावाने मोबदला देऊन स्वस्त घरे कुणालाच बांधता येणार नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त रिकामी जमीन सरकारकडे घेणाऱ्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची वाट सवलतींनी आधीच पोखरली होती आणि २००७ च्या अखेरीस महाराष्ट्राने तो कायदाच सोडून दिला. म्हणजे मध्य मुंबईत स्वस्त घरांसाठी फुकट जमीन मिळवण्याचा एकच खरा मार्ग उरला होता, तो म्हणजे परवानगीच्या बदल्यात वाटा.

१९९१ चा नियम ५८

मार्च १९९१ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. लोक त्याला ‘एक तृतीयांशचा नियम’ म्हणतात, पण प्रत्यक्षात तीन टप्पे होते. क्षेत्र ५ हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. ५ ते १० हेक्टरला ३३, ३४ आणि ३३. १० हेक्टरच्या वर ३३, ३७ आणि ३०. गिरणी जितकी मोठी तितका म्हाडाचा वाटा मोठा.

वाटणी होणार होती ती मोकळ्या जमिनीची आणि गिरणीची बांधकामे पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीचीही. हे दुसरे शब्द लक्षात ठेवावेत, कारण गिरणीत मुळात मोकळी जागा थोडीच असते. कताई खाते, विणकाम खाते, रंगखाते, गोदाम, बॉयलर घर, चिमणी यांनी बहुतेक आवार व्यापलेले. कापसाचे ट्रक उभे राहायचे ते पटांगण आणि तळे, एवढीच काय ती रिकामी जागा.

नियम हेतूने चांगला होता, पण त्यात एक भोक होते. वाटणी सुरू व्हायची ती मालकाने पुनर्विकासाचा अर्ज केला तरच. मुदत नव्हती, सक्ती नव्हती, अर्ज न केल्याबद्दल दंड नव्हता. दोन तृतीयांश जमीन हातची जाणार असेल तर मालक अर्ज कशाला करील? त्याने शेड पाडायची नाही, ती आतून बदलायची. जुनी भिंत, जुने छप्पर तसेच ठेवून आत कार्यालये, स्टुडिओ, दुकाने, खानपानगृहे चालवायची. काही पाडले नाही म्हणजे काही मोकळे झाले नाही, आणि मोकळे झाले नाही म्हणजे वाटायलाही काही नाही. दहा वर्षांत फारच थोड्या गिरण्यांची जमीन या नियमाखाली पुढे आली.

इथे एक संधी हुकली. गिरण्यांच्या जमिनीचा अभ्यास करायला सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९९६ मध्ये एनटीसीच्या गिरण्यांचा विचार एकत्र मांडला. प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र तीन तुकडे न करता शेजारशेजारच्या गिरण्या जोडून एक आराखडा करावा, म्हणजे मैदान मैदानाएवढे होईल, रस्ते सरळ होतील आणि घरांना सलग जागा मिळेल. २५ गिरण्या एकाच सरकारी मालकाकडे असताना हे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. ते झाले नाही, आणि गिरणगावाच्या आजच्या नकाशाकडे पाहिले की त्या एका निर्णयाची किंमत दिसते.

२००१: दोन शब्द गेले

दहा वर्षे जमीन हलत नाही, कामगारांची देणी थकली आहेत, आजारी गिरण्यांना पैसा हवा आहे, हे कारण देऊन मार्च २००१ मध्ये नियम बदलला. थकलेल्या देण्यांचे कारण खोटे नव्हते. ग्रॅच्युइटी आणि भरपाईसाठी कामगार वर्षानुवर्षे दारोदार फिरत होते. विक्रीचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच काढता येईल अशा राखीव खात्यात, जमा व्हावा आणि निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या देखरेख समितीने त्यावर लक्ष ठेवावे, ही तरतूद कामगारांच्या फायद्याचीच होती.

पण त्याच दुरुस्तीत बांधकामे पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून बाहेर गेली. आता वाटायची ती फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन आणि शिल्लक एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण). शेडखालची सगळी जमीन मालकाची. ती पाडून टॉवर बांधला तरी मालकाचीच.

फरक किती पडला ते एका नमुन्यावर पाहू. समजा ४ हेक्टरची गिरणी आहे, तीन हेक्टरवर शेड आहेत आणि एक हेक्टर रिकामे आहे. १९९१ प्रमाणे सगळे पाडून पुनर्विकास केला तर महापालिकेला १.३२ हेक्टर, म्हाडाला १.०८ हेक्टर आणि मालकाला १.६० हेक्टर. २००१ प्रमाणे वाटणी एकाच हेक्टरची: महापालिकेला ०.३३, म्हाडाला ०.२७, मालकाला ०.४०, शिवाय शेडखालचे ३ हेक्टर. मालकाकडे एकूण ३.४० हेक्टर. म्हाडाचा वाटा चौथ्या हिश्शावर आला.

हे घरांत मोजले की जास्त टोचते. एक लहान घर जिने, लिफ्ट, व्हरांडा धरून साधारण ३० चौ.मी. बांधकाम घेते. एफएसआय ३ धरला तर एका हेक्टरवर ३०,००० चौ.मी. बांधकाम, म्हणजे १,००० घरे. नमुन्याच्या गिरणीत म्हाडाची घरे १,०८० होती, ती २७० झाली. गिरणी तीच, म्हाडा तेच, बांधणारा ठेकेदारही तोच असता.

हाच हिशेब सगळ्या ६०० एकरांना लावला तर? ६०० एकर म्हणजे सुमारे २४३ हेक्टर. त्याचा तिसरा हिस्सा ८० हेक्टर, म्हणजे ८०,००० घरे. हा कागदावरचा वरचा अंदाज आहे. चाळी, रस्ते, आरक्षणे वजा जाता तो खाली येणारच. म्हाडाच्या वाट्यावरच्या घरांतली आधी निम्मी आणि पुढे दोन तृतीयांश गिरणी कामगारांसाठी ठेवली गेली, उरलेली संक्रमण शिबिरांसाठी, म्हणजे जुन्या इमारतींतून हलवलेल्या रहिवाशांच्या तात्पुरत्या घरांसाठी. त्या हिशेबाने कामगारांना पन्नास हजारांवर घरे. प्रामाणिकपणे सांगायचे तर मूळ नियम तंतोतंत पाळला असता तरी सगळ्या अर्जदारांना गिरणगावात घर मिळाले नसते. पण १३ हजार आणि ५० हजार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

न्यायालयात

फेब्रुवारी २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका दाखल केली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. बांधकामे पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा त्याचा अर्थ होता. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ चा नियम वैध ठरवला. कामगारांची देणी, आजारी गिरण्या, मालक आणि शहर यांच्यात समतोल साधणारे ते धोरण आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

ज्यांना अशा प्रकरणांत काम करायचे आहे त्यांनी याचिकेच्या तारखेकडे पाहावे. नियम बदलला २००१ मध्ये आणि याचिका आली २००५ मध्ये. मधल्या चार वर्षांत परवानग्या निघाल्या, करार झाले, पैसे गुंतले. नियमातला बदल राजपत्रात हरकती-सूचनांसाठी येतो तेव्हाच त्यातली व्याख्या वाचायला हवी. पुढे तिच्यावर बांधकामे उभी राहतात आणि त्यांच्यासकट व्याख्या मागे फिरवणे न्यायालयालाही जड जाते.

एकरी ४० कोटींच्या जमिनीवर घर कसे परवडेल

२००५ मध्ये एनटीसीने पाच गिरण्या विकल्या: अपोलो १८० कोटी, ज्युपिटर २७६ कोटी, कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. एकूण २,०२० कोटी रुपये. सरकारी महामंडळाची जमीन, खुल्या लिलावात, सर्वाधिक बोलीला.

मुंबई टेक्स्टाइलची जमीन सुमारे १७ एकर. म्हणजे एकरी ४१ कोटींच्या आसपास, चौरस मीटरला साधारण एक लाख रुपये. १.३३ एफएसआयने भागले तर बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जमिनीचाच भार ७६ हजारांचा, आणि ३० चौ.मी.च्या घरावर २३ लाखांचा. एफएसआय ३ धरला तरी घरामागे जमिनीचे दहा लाख. यात अजून एक वीटही आलेली नाही.

आता २०१२ च्या सोडतीतली किंमत पाहा: साडेसात लाख रुपये. २०१६ आणि २०२० मध्ये साडेनऊ लाख. या किमती शक्य झाल्या कारण म्हाडाला जमीन वाट्यात आली होती आणि कामगाराने भरायचे होते ते बांधकामापुरते. जमिनीचा भाव एकदा घराच्या किमतीत शिरला की नंतर अनुदान, व्याजसवलत, मुद्रांक शुल्कात सूट, काहीही दिले तरी तो बाहेर निघत नाही. म्हणून लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला सरकारी जमीन देणे आणि त्याच भागात स्वस्त घरे देऊ म्हणणे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. लिलावातून आलेला पैसा शहराच्या बाहेरची जमीन घेऊ शकतो. लोअर परळची घेऊ शकत नाही.

वाटा मिळाला, ताबा नाही

नकाशावर म्हाडाचा वाटा ठरला म्हणजे घरे सुरू झाली असे होत नाही. पहिला नियम १९९१ चा, पहिली सोडत २८ जून २०१२ ची: एकवीस वर्षे. यातला किती काळ जमिनीच्या कागदांत जातो, ते टप्पे पाहिले की उमगते.

मालक महापालिकेकडे आराखडा सादर करतो. कोणता भाग मोकळा, कोणता बांधलेला, यावर आधी घासाघीस होते. पत्र्याचे तात्पुरते छप्पर बांधकाम धरायचे का, तळे मोकळे धरायचे का, असे प्रश्न येतात आणि २००१ नंतर प्रत्येक उत्तराला थेट कोट्यवधींची किंमत आली. मग वाट्याची जागा ठरते, नगर भूमापन खात्याकडून मोजणी होते, पोटविभागणी होते, ताबा पावती होते आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर म्हाडाचे नाव लागते. प्रत्येक पायरीवर अडकण्याची कारणे वेगळी. जमीन बँकेकडे गहाण असेल तर बोजा उतरेपर्यंत हस्तांतर होत नाही. भाडेपट्ट्याची असेल तर मूळ मालकाची संमती लागते. आवारात कामगारांच्या चाळी असतील तर रहिवाशांचे पुनर्वसन आधी. जमिनीखाली यंत्रांचे आणि बॉयलरचे जुने पाये असतात. ते काढायचा खर्च कुणाचा यावरही महिने जातात.

आकाराचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे, आणि तो बहुधा फार उशिरा लक्षात येतो. मालक कोणता कोपरा देईल? रस्त्यालगतचा दर्शनी भाग नक्कीच नाही. देईल तो मागचा, लांबट, अरुंद, भिंतीला लागून असलेला. अशा पट्ट्यावर अग्निशमन दलाची गाडी फिरायला जागा राहिली नाही की उंच इमारतीला परवानगी मिळत नाही. एफएसआय कागदावर असतो, पण वापरता येत नाही. ०.२७ हेक्टर म्हणजे जेमतेम पाऊण एकराच्या खाली. त्यात बाजूची अंतरे, पाण्याची टाकी, पंपघर, वाहनतळ काढले की दोन इमारतीही धड बसत नाहीत.

एकाच मालकाच्या अनेक गिरण्या असतील तर सगळ्यांचे वाटे एका ठिकाणी एकत्र करण्याची सोय नियमात होती. कामगारांच्या दृष्टीने ही सोय दुधारी ठरते. तुकडे एकत्र झाले तर सलग मोठी जागा मिळते, इमारती नीट उभ्या राहतात आणि देखभाल स्वस्त पडते. पण एकत्रीकरण कुठे करायचे हे मालक सुचवतो, आणि तो स्वतःसाठी महागडी जागा राखतो. क्षेत्रफळ सारखे, किंमत निराळी. एकत्रीकरणाला हो म्हणण्याआधी रस्ता, स्थानक आणि सांडपाण्याची जोडणी तपासणे म्हणूनच क्षेत्रफळ तपासण्याइतके महत्त्वाचे.

ताब्यासाठी पाठपुरावा कुणी केला, हेही नोंदवायला हवे. १९८९ मध्ये उभी राहिलेली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि तिचे नेते दत्ता इस्वलकर (निधन २०२१) यांनी आणि इतर कामगार संघटनांनी मोर्चे, उपोषणे, बैठका यांतून ‘गिरणीच्या जागेवर कामगाराला घर’ ही मागणी धरून ठेवली नसती, तर म्हाडाच्या वाट्यातली घरे सर्वसाधारण सोडतीत कधीच विरघळून गेली असती.

२२५ चौरस फूट

२०१२ ची सोडत ६,९२५ घरांची होती. ९ मे २०१६ ची २,६३४ घरांची, सेंच्युरी, प्रकाश कॉटन, भारत अशा गिरण्यांच्या जागेवर. १ मार्च २०२० ची ३,८९४ घरांची: बॉम्बे डाइंग मिल ७२०, स्प्रिंग मिल २,६३०, श्रीनिवास मिल ५४४.

घर २२५ चौरस फूट चटईक्षेत्राचे, म्हणजे २०.९ चौ.मी. एक खोली, तिला लागून स्वयंपाकाची जागा, आत न्हाणी आणि संडास. ज्यांचे आयुष्य दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोलीत गेले, रात्रपाळीचा झोपायला आला की दिवसपाळीचा उठून जायचा, सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभे राहायचे, त्यांना घरातला संडास ही गोष्ट लहान वाटत नाही. मात्र वीसहून जास्त मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, अग्निशमन यंत्रणा यांचा मासिक देखभाल खर्च येतो. चाळीत तो नव्हता. निवृत्तिवेतन तुटपुंजे असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला घराच्या किमतीपेक्षा हाच खर्च जास्त कापतो. थोड्या जमिनीवर जास्त घरे बसवायची म्हणून इमारत उंच होते आणि उंच झाली म्हणून राहणे महाग होते; जमिनीची चणचण अशी दरमहा बिलातून वसूल होते.

पात्रता ठरते ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याच्या पुराव्याने. तेरा प्रकारचे पुरावे चालतात: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सेवा प्रमाणपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसी क्रमांक, पगाराची पावती, हजेरीपत्रक, रजेच्या नोंदवहीची प्रत वगैरे. वाचायला सोपे वाटते. पण गिरणीच्या पटावर ‘सखाराम धोंडू’ एवढेच लिहिलेले असते आणि आधार कार्डावर आडनावासह पूर्ण नाव. हे दोघे एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, गावच्या सरपंचाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. बदली कामगारांचे, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घेतले जायचे त्यांचे, हाल याहून वाईट. सलग हजेरीच नव्हती तर कागद कुठून आणणार. संपानंतर कामगार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरला परतले, आणि कागद गावच्या घरात ट्रंकेत पावसाने भिजले. कामगार गेला असेल तर वारसा प्रमाणपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. भावंडांत एकजण जरी अडून बसला तरी घर लागूनही किल्ली मिळत नाही.

पैशाचेही तसेच. सत्तरीच्या माणसाला बँक सहसा गृहकर्ज देत नाही. मुलाच्या नावावर कर्ज घ्यायचे तर मुलाची नोकरी पक्की हवी. तारण-कर्जाची व्यवस्था सोडतीच्या आधी लावली नाही तर मधल्या फटीत दलाल शिरतो, पैसे तोच भरतो आणि घर कागदोपत्री कामगाराचे, प्रत्यक्षात त्याचे होते.

जमीन जवळ नसली की

वाट्यातली जमीन पुरत नाही म्हटल्यावर सरकार बाहेर वळले. २ डिसेंबर २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन इथली एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) २,४१७ घरे काढली. भाडेतत्त्वासाठी बांधलेले १६० चौरस फुटांचे दोन गाळे जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर, किंमत सहा लाख. क्षेत्र मोठे, भाव कमी. पण घरे पडून राहिली, करोनाच्या काळात विलगीकरणासाठी वापरली गेली, मग दुरुस्ती आली आणि सोडत लागलेले लोक वर्षानुवर्षे ताब्याची वाट पाहत राहिले. कोनची घरे धरून आजवरच्या सोडतींचा आकडा १५,८७० होतो.

त्यानंतर २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांचा प्रस्ताव पुढे आला. दोन्ही स्थानके बदलापूरच्या पलीकडे, कर्जतच्या वाटेवर. आकडा अर्जदारांच्या निम्म्याजवळ जातो, म्हणून तो एका झटक्यात बाद करू नये, असे म्हणणारेही आहेत. गावी परतलेल्या वारसाला, ज्याला मुंबईत रोज यायचे नाही, तिथले घर उपयोगी पडेलही. पण जो मुलगा परळला दुकानात किंवा वरळीच्या कार्यालयात सफाईचे काम करतो, त्याच्यासाठी हे घर रोजच्या चार तासांच्या प्रवासाचे आहे. घरातल्या बाईने जवळपास धुणीभांडी, पोळीभाजी करून जोडलेली कमाई तर तिथे जाताच बंद होते. म्हणूनच ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर कामगार आणि वारस ‘मुंबईतच घर’ म्हणत जमले. हा हट्ट नाही. मुंबईबाहेर घर आणि मुंबईत पोट, ही विभागणी कुणाला सोसते आणि कुणाला नाही, हे घर वाटण्याआधी विचारायला हवे होते. अर्जात एक रकाना वाढवला असता तरी कळले असते: घर कुठे हवे आणि कमाई कुठे आहे.

पुढच्या जमिनींसाठी

गिरणीच्या जमिनींचा विषय आज विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये नियम ३५ खाली येतो. बंदराची पूर्व किनाऱ्यावरची जमीन, मिठागरे, रेल्वेची जमीन, बंद पडलेले कारखाने अशा जमिनींबद्दल यापुढेही असेच नियम लिहिले जातील. गिरणगावाच्या अनुभवावरून त्यांत काही कलमे अगदी शब्दशः पाहून घ्यावी लागतील.

वाटा मोजायचा तो पूर्ण भूखंडावर. ‘मोकळी’, ‘शिल्लक’, ‘विद्यमान बांधकाम वगळून’ असे विशेषण आले की थांबून नमुन्याच्या भूखंडावर आकडे टाकून पाहावेत, वर ४ हेक्टरचे टाकले तसे. दहा मिनिटांत खरा वाटा समोर येतो.

वाटणी सुरू होण्याला तारीख हवी, मालकाचा अर्ज नव्हे. कारखाना बंद झाल्यापासून ठरावीक वर्षांत आराखडा आला नाही तर वाट्याचा ताबा आपोआप. आणि जुन्या शेडमध्ये कार्यालय किंवा दुकान सुरू करणे हाही वापरातला बदलच धरावा, म्हणजे १९९१ नंतरची पळवाट उरत नाही.

म्हाडाच्या तुकड्याला किमान रुंदी आणि थेट सार्वजनिक रस्ता, हे नियमातच लिहावे. मालकाला त्याच्या इमारतीचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे ते वाट्याची नोंद मिळकत पत्रिकेवर चढल्यानंतर. नुसत्या हमीपत्रावर नाही. प्रमाणपत्र आधी गेले की ताबा मिळवायला शहराकडे दुसरे काही उरत नाही.

सरकारी महामंडळाची जमीन असेल तर लिलावाआधी सार्वजनिक घरांचा वाटा मोजून, कुंपण घालून वेगळा करावा आणि उरलेलीच विकावी. पात्र लोकांची यादी आणि कागदांची पडताळणी इमारतीचा पाया खणतानाच सुरू करावी. २०१२ मध्ये ज्यांना घर लागले त्यांतले कितीतरी संपाच्या वेळी चाळिशीत होते, म्हणजे सोडतीच्या दिवशी सत्तरीत. आज १९८२ चा पंचविशीतला पोरगाही सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याचा लाल पास अजून कुणीतरी जपून ठेवला असला तर तो बहुधा सुनेच्या कपाटात आहे.